घरच्या टेबलावर वेब डेव्हलपमेंट : आधी बैठक, मग वीज, मग लॅपटॉप

वेब डेव्हलपमेंटची पहिली नोकरी लागली आणि काम घरून आहे, किंवा कोर्स संपला आणि आता स्वतःची कामं घ्यायची आहेत, अशांसाठी हा लेख. बहुतेक जण लॅपटॉपपासून सुरुवात करतात, मग एडिटरची थीम निवडतात. खुर्ची, वीज आणि बॅकअप यांची आठवण त्रास झाल्यावर येते. क्रम उलटा हवा. लॅपटॉप जरा संथ असला तर दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटं जातात. मान धरली किंवा ऐन मीटिंगमध्ये इंटरनेट गेलं तर अख्खा दिवस जातो.

किमती दिलेल्या नाहीत, कारण त्या दर सेलला बदलतात. मापं बदलत नाहीत, ती दिली आहेत. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत करायची.

सुरुवातीला एवढं हाताशी ठेवा

- मोजायचा टेप
- राउटर आणि फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, या दोन्हींच्या ॲडॉप्टरवरच्या लेबलचे फोटो
- लॅपटॉपचं बिल आणि सीरियल नंबर (स्वतःचा व्यवसाय नोंदलेला असेल तर बिल जीएसटी क्रमांकासह, व्यवसायाच्या नावाने)
- स्वतःचा खासगी ईमेल. गिटहबचं (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) खातं कंपनीच्या ईमेलवर उघडलं तर नोकरी सोडताना खात्याचा ताबा जायची भीती असते
- एखादा जुना अँड्रॉइड फोन आणि डेटा नेणारी केबल (स्वस्त केबलींपैकी बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात)
- एक साधी वही. हिचं काम शेवटच्या पायरीत आहे, पण लिहायला आजच लागा.

## १. बैठक : टेबलाची उंची आधी मोजा

बाजारातली टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. ही उंची कागदावर लिहिण्यासाठी ठीक आहे, टायपिंगसाठी बहुतेकांना जास्त होते. खुर्चीत ताठ बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असेल तर हे माप ६५ ते ७० सेंटिमीटर भरतं. कीबोर्ड याच उंचीवर, किंवा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली हवा. टेबल उंच असेल तर दिवसभर खांदे नकळत वर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मानेच्या मुळाशी दुखतं. त्याचं खापर लोक उशीवर फोडतात.

उपाय दोन. खुर्ची वर-खाली होत असेल तर ती उंच करा आणि पायाखाली लाकडी पाट घ्या. पाय लोंबकळत राहिले तर मांडीखाली कड रुतते. खुर्ची साधी असेल आणि टेबल लाकडी असेल, तर सुताराकडून टेबलाचे पाय हव्या त्या मापाने कापून घ्या. तासाभराचं काम आहे आणि कुठल्याही महागड्या खुर्चीपेक्षा जास्त उपयोगाचं.

नवी खुर्ची घेताना बैठकीची खोली तपासा. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मोठ्या दिसणाऱ्या 'गेमिंग' खुर्च्यांची बैठक खोल असते. कमी उंचीच्या माणसाची पाठ त्यात टेकतच नाही.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर हनुवटी उचलून वाचावं लागेल. नुसत्या लॅपटॉपवर हे गणित जमतच नाही, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले: एक योग्य उंचीवर आणला की दुसरा चुकतो. म्हणून लॅपटॉपचा स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस हे तिन्ही एकदम घ्यायचे. नुसता स्टँड घेऊन त्यावरच टाइप केलं तर मनगटं दुखतील.

खिडकी बाजूला असू द्या. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर स्क्रीनवर चकाकी येते आणि मीटिंगमध्ये तुमचा चेहरा काळा दिसतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे बघायचा नियम सोपा आहे, तो पाळा. गादीवर लॅपटॉप ठेवून काम करू नका. खालची हवा कोंडते, यंत्र तापतं आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो.

## २. वीज आणि इंटरनेट

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. वीज गेल्यावर खरं बंद पडतं ते वायफाय. त्यामुळे सगळ्यात आधी राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या.

त्याच्या खोक्यावरचा आकडा फसवा असतो. ८८०० एमएएच हे माप आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं. ८८०० × ३.७ म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. १२ व्होल्टवर चढवताना थोडी ऊर्जा वाया जाते, हाती २७ धरा. राउटर १२ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर तो जास्तीत जास्त १२ वॉट घेतो, म्हणजे निदान सव्वादोन तास. फायबरचा ओएनटी वेगळा असेल तर तोही याच हिशोबात धरा. राउटर चालू, ओएनटी बंद, अशी जोडणी करून लोक चकित होतात: वायफायचा सिग्नल पूर्ण दिसतो, इंटरनेट मात्र नाही.

घेताना चार गोष्टी ॲडॉप्टरच्या फोटोशी ताडून बघा:

- व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.
- अँपिअर तेवढे किंवा जास्त. राउटर २ अँपिअरचा आणि यूपीएस १ अँपिअरचा असेल तर राउटर मधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत राहतो, आणि दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो.
- पिनेचा व्यास. बाहेरून ५.५ मिलिमीटर सारखाच, पण आतून २.१ आणि २.५ असे दोन प्रकार आहेत. चुकीची पीन एकतर सैल बसते, नाहीतर बसतच नाही.
- दोन उपकरणं असतील तर दोन आउटपुट, आणि दोन्हींच्या अँपिअरची बेरीज यूपीएसला झेपणारी.

एवढं करूनही एक कच्चा दुवा उरतो. इमारतीच्या जिन्यातल्या किंवा खांबावरच्या केबलवाल्याच्या पेटीला बॅकअप नसेल तर तुमचा राउटर जिवंत राहूनही उपयोग नाही. कनेक्शन घेण्याआधी हे थेट विचारा, आणि शेजाऱ्यालाही विचारा. जोडीला मोबाइल हॉटस्पॉट ठेवा, पण सिम फायबर देणाऱ्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं. एकाच कंपनीचं जाळं कोलमडलं की दोन्ही एकदम जातात.

गावाकडे किंवा भारनियमनाच्या भागात इन्व्हर्टर असतोच. त्याच्या मागे किंवा पॅनेलवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर पुरवठा बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो आणि मॉनिटर मिचकतो. किती वेळ चालेल हे स्वतः काढा: १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, प्रत्यक्षात ६० टक्के धरले तर १०८०. लॅपटॉप ६५, मॉनिटर २५, राउटर १२ आणि साधा पंखा ७५ वॉट मिळून १७७. म्हणजे सहा तास. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा), ३० वॉटचा बसवला तर तेच आठ तास होतात. या यादीत सगळ्यात जास्त खाणारा पंखा आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर हात फिरवताना झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. तीन पिनांची केबल वापरा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टरही आपलं काम नीट करू शकत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर विजा कडाडायला लागल्या की चार्जरच्या जोडीला लॅनची तांब्याची केबलही काढा. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतच्या केबलमधून येऊ शकते.

## ३. लॅपटॉप आणि मॉनिटर

रॅम १६ जीबी. ब्राउझरचे वीसेक टॅब, एडिटर, लिनक्स आणि एखादा डेटाबेस एकत्र चालले की ८ जीबी भरतात आणि यंत्र एसएसडीवर, म्हणजे साठवणुकीच्या डिस्कवर, लिहीत बसतं. ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन नंतर वाढवायचा विचार असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली नाही ना, हे त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. दुकानात चालू लॅपटॉप असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढत नाही, घेताना ठरवाल तेवढीच.

एसएसडी ५१२ जीबी, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची. वेब डेव्हलपमेंटसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्या पैशांत रॅम आणि मॉनिटर येतो. कीबोर्डचा लेआउट अमेरिकी घ्या. परदेशातून आणलेल्या ब्रिटिश लेआउटच्या लॅपटॉपवर ॲट आणि दुहेरी अवतरणाच्या जागा उलट असतात, आणि कोड लिहिताना ही चिन्हं पदोपदी लागतात.

कंपन्यांमधून निघालेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक चांगले असतात, पण पैसे देण्याआधी तीन तपासण्या करा. पहिली, प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) चालू हवी, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे याच्या खाली बसत नाही. दुसरी, टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट चालवा आणि मूळ क्षमता व आताची क्षमता यांची तुलना करा. तिसरी, बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणारी प्रणाली) पासवर्ड आणि आधीच्या कंपनीचं दुरून चालणारं नियंत्रण काढलंय का बघा. त्यासाठी विंडोज समोरासमोर रीसेट करून इंटरनेट जोडून सुरू करा. एखाद्या अनोळखी संस्थेचं लॉगिन मागितलं तर तो लॅपटॉप घेऊ नका.

मॉनिटर २४ इंची फुल एचडी, नाहीतर २७ इंची १४४० पिक्सेलचा. २७ इंची फुल एचडी स्वस्त मिळतो, पण त्यात इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात (२४ इंची फुल एचडीत ९२, २७ इंची १४४० मध्ये १०९). बारीक देवनागरी मजकुरात अनुस्वार कुठला आणि रफार कुठला हे त्यावर ओळखू येत नाही. पॅनेल आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारं) असावं. लॅपटॉपला यूएसबी-सी आहे म्हणजे त्यातून चित्र जाईलच असं नाही. माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द असला पाहिजे. मॉनिटरच्या मागे वेसा ७५ किंवा १०० मिलिमीटरची भोकं असतील तर पुढे हातासारखा वळणारा स्टँड लावता येतो.

## ४. विंडोज असेल तर लिनक्स आत बसवा

ज्या सर्व्हरवर तुमची साइट जाईल तो बहुधा लिनक्स असतो, म्हणून घरीही तेच वातावरण हवं. अख्खं लिनक्स टाकायला हरकत नाही, पण विंडोज ठेवायचं असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, पुरेसं आहे.

1. विंडोजमधल्या युजरचं नाव आधी बघा. त्यात रिकामी जागा किंवा मराठी अक्षरं असतील तर काही साधनं फोल्डरचा पत्ता वाचताना अडखळतात. नवा लॅपटॉप असेल तर पहिल्याच दिवशी लहान इंग्रजी अक्षरांत एकशब्दी नाव द्या. नंतर बदलणं किचकट आहे.
2. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्रात दुसरी सिस्टीम चालवायची क्षमता) चालू दिसतंय का बघा. नसेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करा.
3. पॉवरशेल (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डब्ल्यूएसएल, जागा, दोन डॅश, इन्स्टॉल ही कमांड द्या. उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) उतरतं. रीस्टार्ट करा, युजर आणि पासवर्ड ठरवा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, ते तसंच असतं.
4. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा.

चौथ्या मुद्द्यावर नवे लोक हमखास चुकतात. विंडोजचा सी ड्राइव्ह उबंटूतून दिसतो म्हणून प्रोजेक्ट तिथेच राहू देतात. मग पॅकेजं (इतरांनी लिहिलेला तयार कोड) बसायला कितीतरी पट वेळ लागतो, आणि फाइल सेव्ह केली तरी ब्राउझर आपोआप ताजा होत नाही, कारण फाइल बदलल्याची सूचना त्या सीमेपलीकडून लिनक्सला मिळत नाही. याची चुलत चूक म्हणजे प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवणं: वनड्राइव्ह डेस्कटॉप सिंक करत असेल तर तो नोड मॉड्यूल्स (पॅकेजं जिथे उतरतात तो फोल्डर) यातल्या हजारो फाइली एकेक करून वर चढवत बसतो.

डब्ल्यूएसएल साधारण निम्मी रॅम घेऊ शकतं. ८ जीबीच्या यंत्रावर हे जड जातं, तेव्हा विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल करून मेमरीची मर्यादा ठरवा. आणि 'अनरजिस्टर' ही कमांड कधीही सहज म्हणून चालवू नका. ती अनइन्स्टॉलसारखी वाटते, पण तुमच्या सगळ्या फाइलींसह ते लिनक्स पुसून टाकते.

## ५. गिट आणि नोड

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) बसवल्यावर पहिल्यांदा नाव आणि ईमेल ठरवा. ईमेल गिटहबच्या खात्यातलाच हवा, नाहीतर तुमचे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, तुमच्या नावावर दिसत नाहीत. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी साधा पासवर्ड बंद केला आहे, म्हणून जुने व्हिडिओ बघून पासवर्ड टाकत बसू नका. एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फाइलींची जोडी) तयार करा, प्रकार ईडी२५५१९. ती उबंटूच्या टर्मिनलमध्ये तयार करा. पॉवरशेलमध्ये केलेली की उबंटूला दिसत नाही, आणि मग परवानगी नाकारल्याची तीच ती ओळ येत राहते. गिटहबवर चढवायची ती डॉट पब शेवट असलेली फाइल. दुसरी खासगी असते, ती कुणालाही पाठवायची नाही.

विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगळ्या चिन्हाने करतात. टीममध्ये दोन्ही वापरणारे असतील तर एक ओळ बदलूनही अख्खी फाइल बदललेली दिसते. प्रोजेक्टमध्ये डॉट गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवून सगळीकडे एलएफ (लिनक्सचं चिन्ह) ठरवून टाका.

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) थेट संकेतस्थळावरून उतरवू नका, एनव्हीएम या नोडच्या अनेक आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनामार्फत बसवा. एका क्लायंटचा प्रोजेक्ट जुन्या नोडवर आणि दुसऱ्याचा नव्यावर असणं अगदी रोजचं आहे. 'एलटीएस' (दीर्घकाळ आधार मिळणारी) लिहिलेली आवृत्ती घ्या. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये डॉट एनव्हीएमआरसी फाइलीत आवृत्तीचा आकडा लिहा. एनपीएमला (नोडची पॅकेजं बसवणारं साधन) सूडो लावून, म्हणजे मुख्य युजरचे अधिकार देऊन, काही बसवू नका; फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे त्या मुख्य युजरकडे, जाते आणि पुढची प्रत्येक कमांड परवानगीवर अडते. दुसऱ्याचा प्रोजेक्ट उतरवल्यावर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा. ती लॉक फाइलीतल्याच (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) आवृत्त्या आणते, लॉक फाइलीला हात लावत नाही.

डॉट ईएनव्ही फाइल, म्हणजे पासवर्ड आणि की ठेवायची जागा, पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) घाला. एकदा चढली की नंतर फाइल काढूनही इतिहासात राहते. तसं झालंच तर ती की रद्द करून नवी घ्या. इतिहास पुसण्यात वेळ घालवणं नंतरचं काम.

## ६. एडिटर

व्हीएस कोड घ्या आणि पुढे जा. एडिटर निवडण्यात आठवडा घालवण्यासारखं त्यात काही नाही. विंडोजवर बसवा, डब्ल्यूएसएलचं एक्सटेन्शन टाका, आणि उबंटूच्या टर्मिनलमधून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'कोड, जागा, टिंब' असं लिहून उघडा. डाव्या खालच्या कोपऱ्यात डब्ल्यूएसएलचं नाव दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तुम्ही विंडोजचं नोड वापरताय.

त्याखेरीज एक्सटेन्शन सुरुवातीला दोनच: ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवतं) आणि प्रिटियर (कोडची मांडणी नीट करतं). कंस रंगवणं २०२१ पासून व्हीएस कोडमध्येच आहे, एमेट (एचटीएमएल थोडक्यात लिहायची सोय) तर आधीपासून. त्यांची वेगळी एक्सटेन्शन जुन्या याद्यांमधून बघून टाकू नका, एडिटर उगाच जड होतो. सेव्ह केल्यावर फॉरमॅट चालू ठेवा, पण फॉरमॅट करणारा एकच ठरवा. दोघं असतील तर प्रत्येक सेव्हला एक अवतरणं बदलतो, दुसरा ती परत पहिल्यासारखी करतो.

## ७. ब्राउझर, आणि खरा फोन

क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही ठेवा. ग्रिड आणि फ्लेक्स या सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धतींतल्या चुका शोधायला फायरफॉक्सचा इन्स्पेक्टर फार चांगला आहे. डेव्हटूल्स (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) उघडं असताना कॅश, म्हणजे साठवलेली जुनी प्रत, बंद ठेवण्याची खूण करून टाका. 'बदल केला पण दिसत नाही' यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

डेव्हटूल्समधला मोबाइलचा देखावा ही शेवटी नक्कल असते. बोटाचा स्पर्श, कीबोर्ड वर आल्यावर दबणारं पान आणि स्वस्त प्रोसेसरची धाप खऱ्या फोनवरच कळते. तुमचे बहुतेक वाचक अशाच फोनवर असतात, म्हणून जुना फोन विकू नका.

1. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपरचे पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा.
2. केबल जोडा, फोनवर आलेली परवानगी द्या.
3. लॅपटॉपच्या क्रोममध्ये पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन स्लॅश, इन्स्पेक्ट असं टाका.
4. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तुमच्या सर्व्हरचा पोर्ट लिहा (व्हीट या साधनाचा नेहमीचा ५१७३) आणि फोनवर लोकलहोस्ट (यंत्राचा स्वतःचाच पत्ता) त्याच पोर्टसह उघडा.

एकाच वायफायवरून लॅपटॉपच्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जाण्याचा मार्गही आहे, पण त्यात तीन अडथळे येतात: सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर ऐकत असतो, विंडोजची फायरवॉल अडवते, आणि डब्ल्यूएसएलचं जाळं वेगळं असतं. शिवाय कॅमेरा आणि लोकेशन एचटीटीपीएसशिवाय चालत नाहीत. लोकलहोस्टला त्यातून सूट आहे, म्हणून केबलचा मार्ग बरा.

आयफोनवर सफारीचं वेबकिट इंजिन असतं. मॅक नसेल तर प्लेराइट या चाचणीच्या साधनाबरोबर येणाऱ्या वेबकिटवर पान उघडून बघा. मोठे दोष त्यात दिसतात. साइट ग्राहकाला सोपवण्याआधी मात्र कुणाचा तरी आयफोन अर्ध्या तासासाठी मागून घ्या.

## ८. मराठी साइटसाठी खास

मराठी मजकुराची साइट कधी ना कधी करावी लागेल, आणि इथे इंग्रजी मार्गदर्शकांचा उपयोग होत नाही.

टायपिंग. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. विंडोज की आणि स्पेस दाबून बदलायचा. इनस्क्रिप्ट शिकायला दोन आठवडे द्या. एकाच वर्गातली व्यंजनं जवळजवळ बसवलेली आहेत, हात लवकर बसतो.

ग्राहकाचा मजकूर. छापखान्यातून किंवा जुन्या कार्यालयातून आलेली फाइल श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. तिथे मराठी दिसतं, तुमच्याकडे चिकटवलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं व रफार एकेक वाचून तपासावे लागतात. दर ठरवण्याआधी नमुन्याचं एक पान मागा.

एचटीएमएल आणि सीएसएस. एचटीएमएलच्या लँगमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगायच्या जागी, 'एमआर' लिहा. नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट त्यावरून ल आणि श यांची मराठी वळणं दाखवतात, नाहीतर हिंदीची येतात. ओळींतलं अंतर फॉन्टच्या निदान १.६ पट द्या, कारण इंग्रजीसाठी ठरवलेल्या १.२ मध्ये वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. अक्षरांतलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

जावास्क्रिप्ट. 'क्षितिज' वाचणाऱ्याला तीन अक्षरं, जावास्क्रिप्टला लांबी सात. शीर्षक ठरावीक आकड्यावर कापलं तर पाय मोडलेला क उरतो. इंटल सेगमेंटर (जावास्क्रिप्टमधलीच, अक्षरं नीट तोडणारी सोय) वापरा, किंवा कापायचं काम सीएसएसवर सोडा. यादी अकारविल्हे लावताना साधा सॉर्ट नको: युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. इंटल कोलेटरला (भाषेप्रमाणे क्रम लावणारी सोय) मराठी भाषा सांगा. आकड्यांसाठी 'एमआर-आयएन' दिलं की अंक देवनागरीत येतात, १,२५,००० असे. ग्राहकाला इंग्रजी अंक हवे असतील तर त्यापुढे 'यू-एनयू-लॅटिन' जोडावं लागतं, त्यात लॅटिनचं स्पेलिंग चारच अक्षरांचं आहे.

तपासणीसाठी एक ओळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ठेवा: 'कऱ्हाड, वाङ्मय, हृदय, ॲप, त्र्यंबकेश्वर, ₹१,२५,०००'. एखादा फॉन्ट कच्चा असेल तर इथेच पकडला जातो. कऱ्हाडमधला अर्धा र आणि ॲप यांवर जुने फॉन्ट हमखास फसतात.

## ९. बॅकअप, आणि वही

गिटहबवर कोड आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही. डॉट ईएनव्ही, डेटाबेस, ग्राहकाचे मूळ फोटो आणि एसएसएच की तिथे नसतात. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर घ्या. अख्खं डब्ल्यूएसएल एका फाइलीत काढायला एक्सपोर्ट कमांड आहे. पासवर्ड बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारख्या व्यवस्थापकात. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड मात्र कागदावर, घरात. फोन हरवला तर गिटहबचं खातं परत मिळवायला तेच लागतात.

वहीत, किंवा गिटहबवरच्या खासगी रिपॉझिटरीतल्या (प्रोजेक्टचा साठा) एका फाइलीत, बसवलेली प्रत्येक गोष्ट ज्या क्रमाने बसवली त्या क्रमाने लिहा: कमांड, आवृत्ती, बदललेलं सेटिंग, आलेली अडचण आणि ती कशी सुटली. महिन्याभराने एखाद्या मोकळ्या दुपारी डब्ल्यूएसएलमध्ये उबंटूच्या जोडीला डेबियन (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाका आणि फक्त वही बघून एक प्रोजेक्ट चालू करून दाखवा. जिथे अडाल तिथली ओळ वहीत राहून गेलेली असते. ती लिहा, आणि मगच ते डेबियन काढून टाका. अनरजिस्टर कमांड वापरायची ती इथे, आणि त्यातलं नाव दोनदा वाचून.